घरी केलेला फो गरम मसाल्याच्या सूपसारखा का लागतो?

पेरूची_फोड

नमस्कार मंडळी,

डिसेंबरात आम्ही चौघं हनोईला जाऊन आलो. हॉटेलात नाश्ता होता, तरी पाचातल्या चार सकाळी खालच्या गल्लीत बुटक्या प्लास्टिकच्या स्टुलांवर बसून फोच (तांदळाच्या नूडल्सचं व्हिएतनामी सूप) खाल्ला. दुकान कसलं, एका घराचा पुढचा भाग. दारातच भलंमोठं पातेलं, त्यामागे एक काकू. जाळीच्या गाळण्यात नूडल्स घ्यायच्या, उकळत्या पाण्यात बुडवायच्या, झटकायच्या, वाडग्यात टाकायच्या. वर मांस, पातीचा कांदा आणि मग रस्सा. रस्सा इतका नितळ की वाडग्याच्या तळाची निळी नक्षी दिसायची. आणि चव मात्र भरगच्च.

परत आल्यापासून घरी तीनदा केला. चिकनचा. तिन्ही वेळा रस्सा गढूळ आणि चव गरम मसाल्याच्या सूपाची. मुलगी एक चमचा घेऊन म्हणाली, "आई, हा तो नाही." बरोबरच होतं तिचं.

मी काय केलं ते सांगते: तेलावर कांदा-आलं-लसूण परतलं, चक्रफूल, दालचिनी, लवंग भाजून पूड करून घातली, चिकन घालून कुकरला सहा शिट्ट्या काढल्या. नूडल्स पाकिटावर लिहिल्याप्रमाणे उकळल्या. कुठे चुकतंय?

बाणकोट

फोटो असेल तर टाका. हनोईचा, घरचा नको :)

वेलदोडा

ताई, तुमच्या कृतीतल्या चार गोष्टी काढून टाका: तेल, लसूण, पूड आणि शिट्ट्या. उरेल तो फो.

रात्री सविस्तर लिहितो.

ओसरी

मला वाटतं हा आपल्या पाया सूपाचाच भाऊ आहे. हाडं, खडा मसाला, मंद आच. आमच्याकडे सर्दी झाली की पाया सूप करतात, त्यात मिरी घातली की काम झालं. वेगळं असं काय आहे त्यात?

मिनू_सॅनहोजे

@ओसरी, भाऊ म्हणता येईल, पण सख्खा नाही. पाया सूपात सगळं एकजीव व्हायला हवं असतं, तेलाचा तवंगही चालतो, हळद असते. फोमध्ये प्रत्येक गोष्ट वेगळी शिजते आणि वाडग्यातच एकमेकांना भेटते. रस्सा वेगळा, नूडल्स वेगळ्या, मांस वेगळं, पाला कच्चा.

मी गेली अठरा वर्षं कॅलिफोर्नियात सॅन होजेला आहे. १९७५ नंतर व्हिएतनाम सोडून आलेली खूप कुटुंबं इथे वसली, त्यामुळे फोची दुकानं आपल्याकडे वडापावच्या गाड्या असाव्यात तशी. शेजारच्या बाईंकडे (मी त्यांना को म्हणते, म्हणजे आत्या) मी हा शिकले. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या हातातली तेलाची बाटली काढून ओट्याच्या दुसऱ्या टोकाला ठेवली. बोलल्या काही नाहीत.

त्यांच्याकडे पहिलं काम हाडं धुण्याचं. हाडं गार पाण्यात घालून उकळी आणायची, पाचसात मिनिटं खळखळू द्यायची. वर करडा, मळकट फेस येतो. ते सगळं पाणी ओतून द्यायचं, पातेलंसुद्धा घासायचं, हाडं एकेक करून नळाखाली चोळून धुवायची. मला जिवावर आलं होतं ते, "अहो, अर्क चालला!" पण जातो तो मळ. रस्सा नितळ होण्यातला अर्धा वाटा या धुण्याचा.

मडगावचो

हाडांचं बोलायचं तर मूळ फो गाईच्या नळ्यांचा. महाराष्ट्रात ते होणार नाही, आमच्याकडे गोव्यात मिळतं. मी मडगावच्या बाजारातून नळी आणि गुडघ्याची हाडं आणतो, सहा ते आठ तास मंद ठेवतो. चिकनच्या फोला तेवढा वेळ लागत नाही आणि तो कमअस्सलही नाही. हनोईत फो गा म्हणून त्याची स्वतंत्र दुकानं आहेत. गा म्हणजे कोंबडी, बो म्हणजे गाय. १९३९ च्या सुमारास हनोईत आठवड्यातले दोन दिवस गोमांस विकायला बंदी आली, त्या दिवसांत दुकानदारांनी कोंबडीचा सुरू केला, असं सांगतात.

शाकाहारी_शशांक

आमच्यासारख्यांनी काय करायचं? व्हिएतनामला जायचं ठरतंय आणि घरच्यांना धास्ती आहे की तिथे भात आणि केळ्यांवर राहावं लागणार.

पेरूची_फोड

@शशांक, उपाशी नाही राहणार. "चाय" असं लिहिलेली दुकानं शोधा, चाय म्हणजे शाकाहारी. आपल्या चहाशी संबंध नाही! बरेच बौद्ध लोक पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास, म्हणजे चांद्र महिन्याच्या १ आणि १५ तारखेला, मांसाहार करत नाहीत. त्या दिवशी अशा दुकानांत गर्दी असते. फो चाय मी खाल्ला, छान होता. मात्र साध्या दुकानात "नुसत्या भाज्या घाला" म्हणून उपयोग नाही, रस्सा हाडांचाच असतो.

@मिनू, हाडं धुण्याचं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. करून बघते. तेलाच्या बाटलीचं वाचून मात्र मला त्या आत्याबाईंना भेटावंसं वाटायला लागलंय.

वेलदोडा

आता सविस्तर. मी चार वर्षं कामानिमित्त सायगावला होतो (कागदोपत्री हो चि मिन्ह सिटी, पण तिथले लोक बोलताना सायगावच म्हणतात).

आधी मसाल्याचं, कारण ताईंचा मूळ प्रश्न तोच आहे. फोमधले मसाले जवळजवळ सगळे आपल्या डब्यातले: चक्रफूल, दालचिनी, लवंग, धणे, मसाला वेलची, कुणी बडीशेपही घालतं. आपल्याकडे वाण्याच्या दुकानात मिळणारं चक्रफूल आणि जाड सालीची दालचिनी बरीचशी व्हिएतनाम नाहीतर चीनमधूनच आलेली असते. चक्रफुलासाठी उत्तरेकडचा लांग सोन हा डोंगराळ भाग प्रसिद्ध आहे. म्हणजे जिन्नस तेच, फरक हाताळण्याचा आहे. आपण मसाला कुटतो कारण तो आपल्याला रश्श्यात विरघळायला हवा असतो. फोमध्ये मसाला पाहुणा असतो. अख्खा, कोरडा, मंद तव्यावर वास सुटेपर्यंत भाजायचा, मलमलच्या फडक्यात पुरचुंडी बांधायची आणि शेवटच्या पाऊण तासात रश्श्यात सोडायची. वास रश्श्यात उतरला की पुरचुंडी बाहेर. पूड घातलीत तर ती बाहेर काढता येत नाही आणि वर रस्सा गढूळ होतो, दोन्ही तक्रारींचं मूळ एकाच जागी.

प्रमाणही आवरतं. साडेतीन लिटर पाण्याला ३ चक्रफुलं, दोन इंच दालचिनी, ३ लवंगा, एक मोठा चमचा धणे. कोंबडीच्या फोला मसाला वेलची मी घालत नाही, तिचा धुरकट वास कोंबडीला गिळून टाकतो. गोमांसाला किंवा मटणाला एक घाला.

आता कांदा आणि आलं. हे तेलात परतायचं नाही, विस्तवावर भाजायचं. वाटणासाठी आपण गॅसवर अख्खा कांदा भाजतो तसाच. सालीसकट जाळीवर ठेवायचा, बाहेरून काळा आणि दाबला की आतून मऊ लागला पाहिजे. तीन इंच आल्याचा तुकडा शेजारीच. आल्याची साल फुगून तडकते, त्या भेगांतून रस येऊन चर्र आवाज येतो, तेव्हा ते झालं. मग सुरीच्या पाठीने काळं खरवडून काढायचं, धुऊन आलं ठेचायचं आणि दोन्ही पातेल्यात. रश्श्याला जो फिका सोनेरी रंग येतो तो याचा. हळदीची चिमूटसुद्धा नको.

गोडव्यासाठी तिथे दगडासारखी साखर घालतात. आपली खडीसाखर हुबेहूब तीच.

चिंचपेटी

खडीसाखर! देव्हाऱ्यातल्या डबीतून थेट फोमध्ये. आवडलं.

रसायन_मास्तर

नितळपणाबद्दल थोडं. रस्सा खळखळ उकळला की चरबीचे बारीक थेंब होऊन ते पाण्यात मिसळून राहतात, प्रथिनांचे कणही फुटून तरंगतात. म्हणून दूधट दिसतो. आच इतकी कमी हवी की पृष्ठभागावर मधूनच एखादा बुडबुडा यावा. आणि झाकण पूर्ण लावू नका, आतलं तापमान चढून खळखळ सुरू होते.

कुकरचं म्हणाल तर कुकर दोषी नाही, शिट्टी दोषी आहे. दाब टिकून असताना आतलं पाणी शांत असतं. शिट्टी होते तेव्हा दाब एकदम उतरतो आणि आत सगळं उसळतं. सहा शिट्ट्या म्हणजे सहा वेळा ढवळलं. पूर्ण दाब आला की आच अगदी बारीक करा, शिट्टी न होऊ देता अर्धा-पाऊण तास ठेवा आणि वाफ आपोआप जिरू द्या.

मिनू_सॅनहोजे

मास्तर, कुकरला मी हातही लावत नाही. पातेल्यात चव पाहत पाहत पुढे जाता येतं, फेस काढता येतो. कुकरमध्ये झाकण उघडेपर्यंत काय झालंय ते कळत नाही.

रसायन_मास्तर

मान्य. पण आठवड्याच्या मधल्या दिवशी संध्याकाळी साडेसातला घरी येणाऱ्या माणसाला पातेलं परवडत नाही. फोपासून त्याला वंचित का ठेवायचं?

मडगावचो

दोघांचंही खरं. रविवारी पातेलं, बुधवारी कुकर.

दर्याराजा

फिश सॉसशिवाय चालेल का? आमच्या तालुक्याच्या गावी मिळत नाही. मी सुका जवळा भाजून त्याचं पाणी गाळून घालावं म्हणतोय. समुद्राचा वास आला म्हणजे झालं.

वेलदोडा

@दर्याराजा, विचार चांगला आहे, पण जवळ्याची जागा शेजारच्या गावात आहे. मध्य व्हिएतनाममधल्या हुए शहराचं बुन बो हुए म्हणून सूप असतं. तिखट, गवती चहाच्या दांड्यांचं, गोल नूडल्सचं. त्यात माम रुओक नावाचा जो आंबवलेला गोळा घालतात तो जवळ्यासारख्याच बारीक कोळंबीचा. तुम्ही जवळा घालून केलंत तर ते हुएच्या दिशेनं जाईल, हनोईच्या नाही. पण कोकणी जिभेला बुन बो हुए फोपेक्षाही आवडेल, पैज लावतो.

फिश सॉसला तिथे नुओक माम म्हणतात. मांदेलीएवढे छोटे मासे आणि मीठ, साधारण तीनास एक, लाकडी पिंपात वर्षभर मुरवतात आणि खालून निथळलेलं पाणी काढतात. फु क्वोक बेटाचं इतकं नावाजलेलं की युरोपीय संघाने २०१२ मध्ये त्याला आपल्या हापूससारखं भौगोलिक मानांकन दिलं. बाटली उघडली की वास उग्र येतो, पण रश्श्यात तो वास राहत नाही, नुसती खोली राहते. अगदी शेवटी, गॅस बंद करताना घाला. शहरात कुणी येणारजाणार असेल तर एक बाटली मागवून ठेवा, वर्षभर पुरते.

दर्याराजा

पुतण्या पुण्यात आहे, सांगतो त्याला. आणि बुन बो हुएचा वेगळा धागा काढाच.

एक_वाचक

इतका खटाटोप करण्यापेक्षा बाहेर जाऊन खावा. मुंबईत मिळतो.

पेरूची_फोड

मिळतो, खाल्ला. मी गेले तिथे रश्श्यात कॉर्नफ्लोअर होतं आणि वर किसलेलं गाजर. साडेपाचशे रुपये दिले. म्हणूनच घरी करायचा हट्ट आहे.

शाकाहारी_शशांक

शाकाहारी रश्श्याची कृती द्या ना कुणीतरी.

चिंचपेटी

मी करते तसं सांगते. पांढरा मुळा, गाजर, कोबीचा पाव भाग, दाणे काढून घेतलेली मक्याची दोन बुरकुंडं, पाचसहा सुके शिताके मशरूम, एक सफरचंद. कांदा-आलं वर वेलदोडा यांनी सांगितलं तसं भाजून. तीन लिटर पाणी, तासभर मंद, मग गाळायचं. मक्याची बुरकुंडं टाळू नका, भाजीच्या रश्श्याला अंग त्यांनी येतं. मीठ आणि हलका सोया सॉस. मशरूम भिजवलेलं पाणी फेकायचं नाही. वरून तळलेला टोफू, नाहीतर पनीरऐवजी भाजलेले ताजे मशरूम. पनीर मी एकदा घालून पाहिलं, दुधाचा वास रश्श्याशी भांडतो.

बाणकोट

उच्चार "फो" की "फ"? आमच्या ऑफिसात यावरून दोन तट आहेत.

वेलदोडा

"फ" च्या जवळचा. तोंड फार उघडायचं नाही आणि सूर आधी खाली उतरून मग वर चढवायचा. समोरच्याचं ऐकू आलं नाही की आपण "हंऽ?" म्हणतो ना, त्या सुरात "फऽ?" म्हणा. सूर बदलला की अर्थ बदलतो. मराठीत लिहिताना फोच रुळलाय, ते ठीक आहे.

अवांतर: सायगावात ली चिन्ह थांग रस्त्यावर फो बिन्ह नावाचं दुकान आहे. बिन्ह म्हणजे शांतता. १९६८ च्या तेत, म्हणजे त्यांच्या नववर्षाच्या वेळी सायगाववर व्हिएत काँगच्या कम्युनिस्ट गनिमांनी जो हल्ला केला, त्याच्या आखणीचं गुप्त केंद्र याच दुकानाच्या माडीवर होतं. खाली अमेरिकन सैनिक फो खात बसायचे. मी तिथे बसून खाल्लाय. खात असताना डोळे सारखे जिन्याकडे जात होते.

ओसरी

हे वाचून अंगावर काटा आला. माझा पाया सूपाचा मुद्दा मागे घेतो, याला स्वतःचा इतिहास आहे.

मडगावचो

इतिहास तसा फार जुना नाही, शंभर-सव्वाशे वर्षांचा. हनोईच्या दक्षिणेला नाम दिन्ह आहे, तिकडचं वान कू गाव फोवाल्यांचं गाव म्हणून ओळखतात. फ्रेंच आले तेव्हा त्यांना गोमांस हवं होतं, हाडं उरायची. त्यातून हा उभा राहिला असं बहुतेक मानतात. १९५४ ला देशाची फाळणी झाली, उत्तरेतले लाखो लोक दक्षिणेत गेले आणि फोही गेला. तिथे तो गोडसर झाला, वर पाल्याची टोपली आली, मोड आले, गोड काळा सॉस आला. हनोईवाल्यांना हे आवडत नाही. ते लसूण घातलेलं व्हिनेगर आणि मिरची घेतात, सोबत तळलेल्या पिठाच्या कांड्या.

ताईंनी हनोईचा खाल्लाय, त्यामुळे त्यांच्या डोक्यातली चव साधी आहे. त्यांनी मोड-पाल्याच्या मागे लागू नये.

मिनू_सॅनहोजे

माझ्या आत्याबाई सायगावच्या, त्यामुळे माझी टोपली भरलेली! पाल्यासाठी भारतातल्यांना एक सांगते: तिथली जी तुळस घालतात तिला बडीशेपेसारखा वास असतो. आपल्या सब्जाच्या झाडाची पानं तिच्या बरीच जवळची. आईकडे आले की मी गच्चीतल्या कुंडीतली तोडते. देव्हाऱ्यातली तुळस मात्र वेगळी, तिने रस्सा काढ्यासारखा लागतो.

आणि मोड म्हणजे उसळीचे नव्हेत. बोटभर लांब, पांढरे. मूग भिजवून भोकाच्या भांड्यात, वर ओलं फडकं आणि वजन ठेवून, अंधारात. दिवसातून तीनचारदा पाणी. चारपाच दिवसांत होतात.

ओसरी

नूडल्सबद्दल कुणीच लिहिलं नाही. पाकिटातल्या तांदळाच्या नूडल्सचा माझ्याकडे लगदा होतो.

चिंचपेटी

उकळू नका! गार पाण्यात अर्धा तास भिजवा, बोटाने वाकतील पण पांढऱ्या राहतील. वाढायच्या वेळी उकळत्या पाण्यात दहा-पंधरा सेकंद बुडवा आणि काढा.

एक सांगू? हनोईला मी ताज्या नूडल्स करताना पाहिल्या आणि मला माझी आजीच दिसली. उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर फडकं ताणून बांधलेलं. त्यावर तांदळाचं पातळ पीठ पळीने गोल पसरायचं, झाकण, अर्धं मिनिट, आणि बांबूच्या पट्टीने ती ओली, थरथरणारी पातळ पोळी अलगद उचलायची. आजी सालपापड्या करायची तेव्हा ताटलीवरून अशीच सोडवायची. ती उन्हात वाळत घाले, इथे घडी घालून कापतात. वाळत घालायच्या आधी आम्ही मुलं ओल्या सालपापड्या तेल-मीठ लावून खायचो. तीच चव. मी तिथे उभी राहून दोन मागून घेतल्या, नुसत्या.

घरी आल्यावर करून पाहिलं: तीन वाट्या तांदळाचं पीठ, एक वाटी साबुदाण्याचं पीठ, चिमूट मीठ, ताकाएवढं पातळ. तासभर ठेवून तेलाचा हात लावलेल्या ताटलीत वाफवायचं. पाकिटातल्यांपेक्षा कितीतरी मऊ होतात.

दर्याराजा

सालपापड्या! आमच्याकडे पिंपळाच्या पानावर करत. डोळ्यांत पाणी आणलंत.

पेरूची_फोड

मंडळी, दोन आठवड्यांनी परत आले.

काल केला. सव्वा किलोची अख्खी कोंबडी आणि अर्धा किलो पंजे (खाटीकदादांनी पंजे असेच दिले). हाडं धुतली, दोनदा. पातेल्यातच केला. चाळीस मिनिटांनी कोंबडी बाहेर काढली, गार पाण्यात बुडवली, मांस सोडवलं आणि सांगाडा परत रश्श्यात टाकून आणखी दीड तास ठेवला. पुरचुंडी शेवटच्या पाऊण तासात. खडीसाखर, मीठ, शेवटी तीन चमचे फिश सॉस. मास्तरांचा एकेक बुडबुडा राखायला ओट्याशी खुर्ची घेऊन बसले होते.

वाडग्याचा तळ दिसला. माझ्या वाडग्यावर नक्षी नाही, पण खालचा कंपनीचा शिक्का वाचता येत होता. मुलीने पहिला चमचा घेतला, काही बोलली नाही, मग वाडगा दोन्ही हातांनी उचलून प्यायली, तिकडे प्यायची तशीच.

एकच अडचण: नूडल्स सगळ्यांच्या एकदम बुडवून चाळणीत काढून ठेवल्या, तर शेवटच्या वाडग्याला गोळा झाला.

चिंचपेटी

एका वाडग्याच्या एका वेळी. गाळण्यात घ्या, बुडवा, झटका, वाडग्यात. चाळणीत थांबू द्यायच्याच नाहीत. त्या काकू तसंच करत होत्या, पहिल्या पोस्टमध्ये तुम्हीच लिहिलंय.

पेरूची_फोड

खरंच की! उरलेला रस्सा फ्रीजमध्ये आहे, पंज्यांमुळे खरवसासारखा घट्ट थरथरतोय. उद्या सकाळी नाश्त्याला, एकेक वाडगा करून.

बाणकोट

आता घरचा फोटो टाका.